कुशाबाबांचा श्वास

"गप्प! समदे गप्प बसा! बाबा श्वास घेनार हायेत!"

हा पुकारा झाला आणि मढ गावाच्या वरच्या टेकडीवर जमलेली हजारभर माणसं एकदम चिडीचूप झाली. खोकणाऱ्यांनी तोंडावर टॉवेल दाबले. रडणाऱ्या पोरांच्या तोंडात आयांनी बिस्किटं कोंबली. गुरुवारची सकाळ होती, ऊन अजून कोवळं होतं. खाली धरणाचं पाणी आरशासारखं पडलं होतं, पण तिकडे बघायला कुणाला सवड होती! प्रत्येकाच्या मांडीवर तळहाताएवढा रेडिओ होता आणि सगळ्यांचे डोळे त्या रेडिओवर खिळले होते.

समाधीच्या गाभाऱ्याचं दार बंद होतं. आत घंटेचा एक टोला पडला. रेडिओतून आवाज आला, "टण्ण!" आणि त्याच्या मागोमाग, कुणीतरी खोल झोपेत छाती भरून घ्यावी तसा, "हूंऽऽऽऽऽ".

पुन्हा टोला. पुन्हा "हूंऽऽऽऽऽ".

हजार रेडिओंतून एकाच वेळी तो श्वास उमटत होता. बायकांनी पदर पसरले. एक म्हातारा जमिनीवर डोकं आपटायला लागला. "जित्ते हायेत! बाबा जित्ते हायेत!" अंबाबाई नावाची मढची एक म्हातारी रेडिओ छातीशी धरून तान्ह्या पोरासारखी डोलत होती.

टोले थांबले, दार उघडलं आणि भगवी शाल सावरत जानकीनाथ महाराज ओट्यावर आले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत यांना अख्खा तालुका जानकू म्हणायचा. हातात माइक आला की त्यांना विज्ञानाचं मोठं भरतं यायचं.

"माऊली! मानसाच्या देहाला फ्रिक्वेन्शी आसती. आत्म्यालाबी आसती. डाक्टर काय बगतो? देह! आन् बाबा काय बगत्यात? फ्रिक्वेन्शी! सायन्सचा टावर जितं संपतो ना, तितनं बाबांचा टावर चालू व्हतो! आता काई शाने लोकं इचारत्यात, म्हाराज, कर्ना का लावीत न्हाई? आरं येड्यांनो, कर्ना हा पुढाऱ्याला! बाबा ज्याच्या त्याच्या रेडिओत येत्यात, ज्याच्या त्याच्या छातीत शिरत्यात. आन् छातीत बाबा शिरल्यावं पंप कशापाई पायजे? पंप म्हंजी कुबडी! कुबडी टाकल्याबिगर पाय चालंल का?"

"न्हाईऽऽ!" जमाव ओरडला.

मग दम्याचे रोगी रांगेनं पुढं आले. समाधीपुढं पितळेची मोठी परात होती. प्रत्येकजण आपला तोंडात मारायचा पंप त्या परातीत टाकायचा, पायरीला डोकं लावायचा आणि डोळे पुसत बाजूला व्हायचा. परात निळ्या आणि नारिंगी पंपांनी काठोकाठ भरली होती.

गर्दीच्या कडेला एक पन्नाशीची बाई उभी होती. तिच्या हातातही रेडिओ होता, पण तिनं तो छातीशी धरला नव्हता. कानाशी नेऊन ती पुन्हा पुन्हा नुसती ऐकत होती आणि तिच्या कपाळावर भर थंडीत घाम आला होता.

तिचं नाव प्रतिभा डुंबरे. घोडेगावला एका संस्थेचं 'शिवारवाणी' नावाचं छोटं रेडिओ केंद्र होतं. तिथं ती बारा वर्षं तंत्रज्ञ होती. ही टेकडी तिनं आज पहिल्यांदा चढली नव्हती. तिची मामेबहीण रत्ना आज तिला ओढून घेऊन आली होती. "आक्का, तू एकदा बगच. आपल्या सोनलचा दमा गेला! म्हैना झाला, पंपाला हात न्हाई!"

सोनल ही रत्नाची एकुलती एक लेक, बावीस वर्षांची. बी.कॉम. झालेली, ओतूरच्या पतसंस्थेत लागलेली, बोलायला चुणचुणीत. तिचे दोन्ही पंप महिन्यापूर्वीच त्या परातीत जाऊन पडले होते.

"मावशी, कसं वाटलं?" सोनलनं तिला हसत विचारलं.

"कसला आवाज होता गं तो?" प्रतिभानं उलटं विचारलं.

"बाबांचा श्वास!"

तो आवाज कशाचा आहे हे प्रतिभाला दुसऱ्या टोल्यालाच कळलं होतं. त्या आवाजाशी तिची बारा वर्षांची ओळख होती.

झालं होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी 'शिवारवाणी' बंद पडलं आणि संस्थेनं सामान मोडीत काढलं. तेव्हा या टेकडीवर कुशाबाबा नावाचे एक साधे भजनी म्हातारे राहायचे. अंगारा नाही, धुपारा नाही. पहाटे एकतारी घेऊन गायचे, येईल त्याला चहा पाजायचे. त्यांचा आवाज खोल गेला होता. या डोंगरात मोबाइलला धड रेंज नाही, तेव्हा वाड्यावस्त्यांवर बाबांचं भजन ऐकू जावं म्हणून भक्तांनी त्या मोडीतला जुना ट्रान्समीटर टेकडीवर नेला. तो बसवायला संस्थेनं प्रतिभाला पाठवलं. परवाना वगैरे काही नव्हता. तिला ते माहीत होतं. गावकीच्या भजनाला कोण विचारतंय, असं म्हणून तिनं तारा जोडल्या.

ट्रान्समीटरच्या अलीकडं तिनं एक काळी पेटी बसवली होती. कंप्रेसर म्हणतात तिला. रेडिओवाल्यांची ही मोठी गरजेची वस्तू. माणूस मोठ्यानं गायला लागला की ती आवाज दाबते, हळू बोलला की उचलून धरते. शिवाय तिला वरच्या बाजूला एक भिंत असते, लिमिटर. गाणारा कितीही किंचाळला तरी आवाज त्या भिंतीच्या पलीकडं जात नाही, नाहीतर प्रक्षेपण फाटतं आणि शेजारच्या स्टेशनात घुसतं. बाबांच्या थकलेल्या आवाजासाठी प्रतिभानं ती पेटी अगदी हलक्या हातानं लावली होती. ट्रान्समीटर तापू नये म्हणून गाभाऱ्याच्या भिंतीमागच्या खोलीत एक पंखाही बसवला होता.

पेटीचं बटण कुणी भलतंच पिळलं तर काय होतं, हे शिवारवाणीत नवा आलेला प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात शिकायचा. मोठा आवाज आला की पेटी सगळंच खाली दाबते. तो आवाज संपला की तिला वाटतं, आता फार शांत झालं, उचला! मग ती उचलत सुटते. बोलणारं कुणी नसेल तर जे असेल ते उचलते: वाऱ्याची सळसळ, दिव्याची गुणगुण, पंख्याची घरघर. ती घरघर हळूहळू फुगत वर येते, तेवढ्यात पुढचा मोठा आवाज पडतो आणि ती खाली दबते. फुगते, दबते. फुगते, दबते. रेडिओच्या धंद्यात या दोषाला श्वासच म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, पेटीत कुणी झोपलंय.

जानकूचा देव तिनं स्वतः बसवलेला पंखा होता.

रत्ना आणि सोनल प्रसादाला बसल्या तेव्हा प्रतिभा मागच्या खोलीत गेली. दार लोटलेलं होतं. काळ्या पेटीवर झेंडूचा हार होता. तिनं हार बाजूला सारला. उचलायचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं होतं.

"आलात का, प्रतिभाताई?" मागून आवाज आला. जानकू दारात उभा होता. शाल खांद्यावरून उतरवून त्यानं तिची घडी केली. "मला वाटलंच व्हतं, येक ना येक दिवस तुमी येनार."

"जानकू, हा पंखा आहे."

"हाये की."

"तुला माहीत आहे?"

"मला तर पैल्याच दिशी कळलं. बाबा गेले. लोकं रडत व्हती, मी घंटा वाजवीत व्हतो, माइक चालूच ऱ्हायला. तासाभरानं खालच्या वाडीतल्या बाया पळत वर आल्या. म्हने बाबा श्वास घेत्यात! मी हितं आलो. पंखा बंद केला, श्वास बंद. पंखा चालू केला, श्वास चालू." तो हसला. "मंग बटनं फिरवून बगितली. जितकं पिळावं तितकं बाबा दमदार!"

"अरे, लोक औषधं टाकतायत! बाबा स्वतः पंप ओढायचे. मी पेटी बसवली त्या दिवशी त्यांच्या बंडीच्या खिशात होता, माझ्यासमोर ओढला होता. तूच आणायचास ना ओतूरहून?"

जानकूचं हसू मावळलं. पण ते क्षणभरच.

"ताई, पंखा बंद केला तर बाबा मरत्यात. आन् बाबा मेले तर मी कोन? भांडी घासनारा जानकू. तुमी म्हनाल तर हे समदं सोडायला मी तयार हाये, पर मला सांगा, ही पेटी हितं बसवली कुनी? लायसन न्हाई हे ठावं असून बसवली कुनी? पोलीस आले तर माझ्या आदी तुमच्या दारात येतील. जा, प्रसाद घ्या."

प्रतिभा टेकडी उतरली. वाटेत रत्नाला ती एवढंच म्हणाली, "रत्ना, डॉक्टरांकडून सोनलला नवे पंप आण. माझं ऐक."

रत्ना जागीच थांबली. "आक्का, तुला ठावं हाये ना, पंधरा वर्सं मी काय काढलं? तीन स्थळं आली सोनलला. तिन्ही बारी पोरगी पसंत पडली, आन् पंप बगितला की निरोप यायचा, पत्रिका जुळत न्हाई. पंपवाली पोरगी म्हनत्यात तिला, म्हाईत हाये? आता समद्या लोकांदेखत तिनं पंप टाकला. पुढच्या म्हैन्यात येक स्थळ बगायला येनार हाये. आन् तू म्हनती नवा पंप आन?"

"तो श्वास खोटा आहे, रत्ना."

"कशावरनं?"

प्रतिभाच्या ओठावर सगळं आलं होतं. पंखा, पेटी, बटण. पण पंखा म्हटलं की तो कुणी बसवला हे आलं, पेटी म्हटलं की परवाना आला. तिनं नुसती मान हलवली. "मला वाटतं तसं," ती म्हणाली.

"तुला वाटतं!" रत्ना म्हणाली. "पोरीला बरं वाटतंय, ते दिसत न्हाई का?"

सोनलला बरं वाटत होतं हे खरंच होतं. एका लयीत सावकाश श्वास घेतला की जिवाचा घाबरेपणा कमी होतो. आणि दसरा-दिवाळीचे दिवस तिला दरवर्षीच बरे जायचे. छातीतली नळ्यांची सूज मात्र रोजच्या औषधाशिवाय आतल्या आत वाढत होती.

बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत प्रतिभानं पोलिसांना लिहायचं पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. आज सांगू, उद्या सांगू. सोनल तर ठणठणीत आहे.

मंगळवारी रत्नाच्या खळ्यावर भाताची झोडणी होती. सोनलला सुट्टी होती म्हणून तीही पेंढ्या उचलू लागली. हवेत भाताचा भुगा उडत होता. अकराच्या सुमाराला तिला धाप लागली. पंप असता तर दहा मिनिटांचं काम होतं. रत्नानं तिला सावलीला निजवलं आणि छातीवर रेडिओ ठेवला. जानकीनाथ महाराजांनी आता रोज दुपारपर्यंत श्वास चालू ठेवला होता. टण्ण, हूंऽऽऽ. टण्ण, हूंऽऽऽ.

"त्येच्यासंगं घे, बाळा. बाबांसंगं घे."

पोरगी त्या पंख्याबरोबर श्वास घेत राहिली. पाऊण तास. ओठ निळे पडले तेव्हा तिचा बाप दादाभाऊ भानावर आला. रेडिओ भिरकावून त्यानं तिला उचललं, शेजाऱ्याच्या जीपमध्ये घातलं आणि ओतूरचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छातीवर हातांनी दाबत राहिले, मग हात काढून घेतले.

"हिचा पंप कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"टेकडीवं, परातीत," दादाभाऊ म्हणाला.

दहाव्याला नदीच्या घाटावर दोन-अडीचशे माणसं जमली. आपल्याकडं दशक्रिया म्हटलं की मांडव, सतरंज्या, प्रवचन आणि मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. प्रवचनाला कोण? तर जानकीनाथ महाराज! भावकीनं परस्पर ठरवलं होतं. महाराजांनी सोनलच्या फोटोपुढं घंटा ठेवली, शाल सावरली आणि सुरू झाले.

"माऊली, श्वास ही देवाची ठेव. त्येनं दिली, त्येनं नेली. सोनलताईला बाबांनी आपल्या श्वासात घेतलं. आता रेडिओ लावा, त्या श्वासात तुमची सोनलबी आयकू येईल!"

खाली बसलेल्या रत्नानं एकदम मान वर केली. तिच्या डोळ्यांत त्या शब्दांनी जी आशा पेटली ती प्रतिभाला दिसली. ही बाई आता मरेपर्यंत त्या पंख्यापुढं बसणार होती.

श्रद्धांजलीसाठी नावं पुकारायला लागले तशी प्रतिभा उठली. ती माइककडं गेलीच नाही. मांडवाच्या मागं, स्पीकरवाले गेणभाऊ बसले होते तिथं गेली. आळेफाट्याचे गेणभाऊ तीस वर्षं लग्नकार्याला स्पीकर लावायचे. शिवारवाणीच्या कार्यक्रमांनाही तेच यायचे.

"गेणभाऊ, तुमच्या रॅकमध्ये कंप्रेसर आहे?"

"हाये की. का वो?"

"जवळचे स्पीकर बंद करा, नाहीतर शिट्टी वाजेल. लांबचा तेवढा राहू द्या. आणि एक माइक इथं ठेवा, तुमच्या मशीनच्या पंख्याजवळ."

गेणभाऊंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता माइक ठेवला. प्रतिभानं बटण शेवटपर्यंत पिळलं. मग ती पुढं आली, सोनलच्या फोटोपुढची महाराजांची घंटा उचलली आणि मागं नेऊन माइकजवळ एक टोला दिला.

घाटाच्या टोकाच्या कर्ण्यातून आवाज आला, "टण्ण!" आणि त्यामागून, "हूंऽऽऽऽऽ".

दोन-अडीचशे माणसं जागच्या जागी गोठली. दुसरा टोला. "हूंऽऽऽऽऽ".

"बाबा आले!" अंबाबाई ओरडली आणि कर्ण्याच्या दिशेनं दोन्ही हात जोडून आडवी झाली. "सोनलला घिऊन आले!" तिच्यामागं आणखी आठ-दहा जणी वाकल्या, बाकीच्यांनी बसल्या जागी हात जोडले.

महाराजांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी हात जोडले नाहीत. मांडवात तेवढेच एकटे ताठ उभे होते, आणि ते काहीजणांनी पाहिलं.

"गेणभाऊ, पंखा बंद करा," प्रतिभा मोठ्यानं म्हणाली.

टोला पडला. टण्ण. पुढं काही नाही. नुसती नदी वाहत होती.

"चालू करा."

टण्ण. हूंऽऽऽऽऽ.

"बंद."

टण्ण.

"अंबाबाई, उठा," प्रतिभा म्हणाली. "तुम्ही गेणभाऊंच्या मशीनच्या पंख्याला नमस्कार केला."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. प्रतिभानं माइक हातात घेतला. सगळं सांगितलं. आवाज दाबणारी आणि उचलणारी पेटी, घंटेचा टोला, फुगणारी आणि दबणारी घरघर.

"म्हंजी गाडीत हवा भरायचा कंप्रेसर?" मागून एकानं विचारलं.

"तो नव्हे. आवाजाचा. गोठ्याच्या दारात एक माणूस बसलाय असं समजा. बैल डुरकला की तो दार लोटतो. बैल गप्प झाला की दार सताड उघडून कान देतो. मग त्याला गोठ्यातला डाससुद्धा ऐकू येतो. त्या डासालाच आपण बाबा म्हणत होतो. आणि खरे कुशाबाबा स्वतः पंप ओढायचे. जानकू, ओतूरहून कोण आणायचं तो? सांग इथं."

"ही बाई नास्तिक हाये!" जानकू ओरडला. "हिला बाबांचा कोप..."

"थांब," कुणीतरी म्हणालं. तो दादाभाऊ होता. मुंडण केलेलं डोकं, अंगावर पंचा, तो सावकाश उठून पंख्यापाशी आला. त्यानं पंखा चालू केला आणि त्यापुढं हात धरला. वारा लागला. त्यानं हात काढून घेतला.

"आक्का," तो म्हणाला, "तितं टेकडीवं ही पेटी कुनी बसवली?"

"मी बसवली, दादाभाऊ."

"आन् तुला हे कवा कळलं?"

"रत्नाबरोबर गेले होते त्या गुरुवारी."

दादाभाऊनं बोटांवर दिवस मोजले. सगळ्यांच्या देखत, एक-एक पेर दाबत मोजले.

"बारा दिस," तो म्हणाला. "बारा दिस तुला ठावं व्हतं."

"होय. मी घाबरले. परवाना नव्हता म्हणून घाबरले."

रत्ना उठली. प्रतिभाला वाटलं, ही आता आपल्या थोबाडीत मारेल, आणि ती मारावी असंही तिला वाटलं. रत्नानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती सोनलच्या फोटोपाशी गेली, फोटो उचलून पदराखाली घेतला आणि घाटाच्या पायऱ्या चढून एकटीच घराकडं निघाली.

जानकूला त्या दिवशी लोकांनी मारलं असतं. दादाभाऊनं मारू दिलं नाही. "मारून माझी पोर येनार हाये का? कायद्यानं काय व्हायाचं ते हू द्या," तो म्हणाला आणि संध्याकाळच्या आत तोच पोलीस चौकीत जाऊन बसला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. सरकारची माणसं येऊन ट्रान्समीटर सील करून गेली. प्रतिभानं आपला जबाब स्वतः लिहून दिला, बिनपरवाना पेटी बसवल्याचं त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं. तिच्यावरही खटला उभा आहे. तो चालेल तसा चालेल.

सगळेच शहाणे झाले असं मात्र समजू नका. जानकू दीड महिन्यात जामिनावर सुटला. अंबाबाई आणि अजून पाच-पंचवीस जणी अजूनही गुरुवारी टेकडीवर जातात, रेडिओ लावतात आणि त्यातली नुसती खरखर ऐकत बसतात. बाबा रागावलेत म्हणून बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. रत्ना प्रतिभाशी एक शब्द बोललेली नाही. दादाभाऊ बोलतो. कामापुरता. महिन्यातून दोनदा तो जीप घेऊन तिच्या दारात येतो, गेणभाऊंची पेटी आणि एक पंखा मागं टाकतो आणि दोघं घाटघरपासून खाली आंबेगावच्या वाड्यांपर्यंत शाळाशाळांतून, बाजाराच्या गावांतून हा श्वास करून दाखवतात.

पोरं हसतात, टाळ्या पिटतात. पंख्याला दमा झालाय म्हणतात. मग प्रतिभा सोनलचं नाव आणि वय सांगते. शेवटी ती सगळीकडं तेच बोलते:

"चमत्कार दिसला तर आधी विचारा, हे कशानं होतं? उत्तर मिळेपर्यंत हात जोडू नका. डॉक्टरांनी दिलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका, मग सांगणारा देव का असेना. आणि तुमच्यापैकी ज्याला उत्तर ठाऊक असेल, त्यानं माझ्यासारखं गप्प बसू नये. जानकूनं एकट्यानं ही पोर मारली नाही. त्याला माझी मदत झाली. मला खरं माहीत होतं आणि मी बारा दिवस तोंड उघडलं नाही."